उजेड खाली गेला, धूर वर राहिला



जंगल कोणी संपवलं असं विचारलं की खालच्या माणसांचं उत्तर तयार असतं. तुम्ही लोक रोज मोळ्या आणता, चुलीत लाकूड घालता, म्हणून सातपुडा उघडा पडला. नाक्यावरचा गार्ड हेच बोलतो. मीटिंगला आलेले साहेब हेच बोलतात. यशवंत तलाव आणि सीताखाई बघायला गाडी घेऊन आलेला पाहुणासुद्धा आपल्या बाईच्या डोक्यावरची मोळी बघतो, मान हलवतो आणि फोटो काढतो.

या बोलण्याला उत्तर द्यायचं तर रागावून चालणार नाही, हिशेब पाहिजे. म्हणून या अंकात आपण जमिनीच्या दाव्यांबरोबर दुसरा एक हिशेब मांडतोय. घरात आणि रस्त्यावर कोण किती जाळतो? आणि त्याची किंमत कोण भरतो? हा विषय जमिनीपासून वेगळा नाही. वीज नदीतून येते, कोळसा जमिनीतून येतो, सरपण जंगलातून येतं. नदी, जमीन, जंगल आपलं, आणि चूल, दिवा, गाडी मात्र दुसऱ्याची, हीच तर आपली सगळी लढाई आहे.

आधी घरातला हिशेब. विजेचं एक युनिट म्हणजे हजार वॉटचं यंत्र एक तास चाललं की जेवढी वीज लागते तेवढी. शहरातल्या एका घरात एका खोलीचा एसी रात्रभर चालला तर साधारण १० युनिट जळतात. आता आपल्या घरात ९ वॉटचे तीन दिवे धरा. संध्याकाळपासून झोपेपर्यंत ५ तास चालू. दिवसाला जळते एका युनिटच्या सातव्या हिश्श्याएवढी वीज. म्हणजे तिथे एका खोलीत एका रात्रीत जी वीज जाते, त्यात आपलं घर जवळजवळ अडीच महिने उजळतं. तो एसी लावणारा माणूस वाईट आहे असं आपण म्हणत नाही. त्यालाही उकडतं. पण जंगल आणि हवा कोण बिघडवतं असा प्रश्न निघाला, की त्याचं नाव कोणी घेत नाही आणि आपल्या चुलीचं नाव पहिलं येतं, एवढंच आपलं म्हणणं आहे.

आता रस्त्याचा हिशेब. नाशिकहून एक कुटुंब आपली गाडी घेऊन तोरणमाळला येतं. जाऊन-येऊन साधारण ६०० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४० लिटर पेट्रोल. वजन केलं तर ते ३० किलोच्या आसपास भरतं. गॅसच्या एका टाकीत १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे दोन दिवसांच्या सहलीत चार माणसांनी दोन टाक्यांएवढं इंधन जाळलं. तेवढ्यात आपल्याकडच्या एका घराचा दोन महिन्यांचा स्वयंपाक होतो. आणि आपली माणसं बाजाराला जातात ती एका जीपमध्ये वीस-वीस जण, दोन टपावर, दोन मागे लोंबकळत. मोळीच्या डोईभार लाकडाची पावती मागतात. त्या ४० लिटरची पावती घाटात कोणी मागितल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

नदी दिली, उजेड मिळाला नाही

आता मोठ्या विजेकडे येऊ. सरदार सरोवर धरणावर दोन वीजघरं आहेत. एक १२०० मेगावॉटचं, एक २५० मेगावॉटचं. मिळून १४५०. १९७९ साली नर्मदा लवादाने निकाल दिला, त्यात विजेची वाटणी ठरली: मध्य प्रदेशाला १०० पैकी ५७ हिस्से, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. महाराष्ट्राला २७ हिस्से कशाबद्दल? आपल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली ३३ गावं बुडाली त्याबद्दल. मणिबेलीपासून सुरुवात झाली. कोणाचं शेत गेलं, कोणाचा पाडा, कोणाचा देव, कोणाचं चराऊ रान. तो २७ चा हिस्सा मेगावॉटमध्ये मोजला तर ३९१ होतो. एवढी मोठी वीज आपल्या नदीच्या आणि आपल्या गावांच्या नावावर महाराष्ट्राने मिळवली. ती तारेतून खाली गेली. ज्या डोंगरातल्या माणसांनी किंमत भरली, त्यांच्या कित्येक पाड्यांत त्यानंतरही वर्षानुवर्षं चिमणीच पेटत राहिली.

ही गोष्ट फक्त आपलीच नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, पुण्याजवळ मुळशीला टाटांचं धरण होत होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज पाहिजे होती आणि जमीन मावळातल्या शेतकऱ्यांची जाणार होती. सेनापती बापट आणि मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले. धरण झालंच. वीज मुंबईला गेली. तेव्हापासून गोष्ट तीच आहे, फक्त नदीचं नाव बदलतं.

पण आपल्याकडे उलटी गोष्टही घडली आहे आणि ती प्रत्येक पाड्यात सांगितली पाहिजे. बिलगाव आपल्याच अक्राणी तालुक्यातलं. उदाई नदीच्या काठी. तिथे धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. केरळातून तरुण इंजिनियर आले, बाहेरच्या मित्रांनी पैसा जमवला, आंदोलनाने बळ दिलं आणि गावाने श्रमदान केलं. दगड, वाळू, सिमेंट माणसांनी डोक्यावर नेलं. २००३ च्या जानेवारीत यंत्र फिरलं आणि आजूबाजूच्या १२ पाड्यांत दिवे लागले. त्याआधी डोमखेडीतही लहान प्रमाणात असा प्रयोग झाला होता. २००४ च्या ‘स्वदेस’ सिनेमात गावकरी पाण्यावर वीज करतात, ते बिलगावच्या कामावरून सुचलं असं सांगतात. सिनेमा देशभर लोकांनी बघितला, टाळ्या वाजवल्या. आणि बिलगावचं वीजघर? २००६ साली सरदार सरोवराची उंची आणखी वाढवली. त्याच वर्षी धरणाच्या पाण्याने ते बुडवलं.

नीट लक्षात घ्या. मोठ्या विजेने छोटी वीज बुडवली. आपल्या हाताने केलेला उजेड, ज्याचं बटण आपल्या पाड्यात होतं, तो गेला. आणि ज्याचं बटण कुठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही, तो आला नाही. महाराष्ट्राचा ३९१ मेगावॉटचा हिस्सा म्हणजे बिलगावसारखे २६ हजार प्रकल्प. त्यातला एकसुद्धा परत बांधून द्यायला सरकारकडे जागा नव्हती काय?

कागदावरचा दिवा

२८ एप्रिल २०१८ रोजी देशातल्या शेवटच्या गावात वीज पोचली असं सरकारने जाहीर केलं. आपल्यातले पुष्कळ जण तेव्हा हसले. कारण नियम असा आहे: गावात डीपी आणि तारा आल्या, शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज दिली, आणि १०० घरांपैकी १० घरांत मीटर लागलं, की गाव विद्युतीकरण झालेलं धरतात. मैदानातल्या गावाला हे थोडंतरी लागू पडेल, तिथे घराला घर लागून असतं. आपलं गाव तसं नाही. आपला एक पाडा या टेकडीवर, दुसरा नाल्याच्या पलीकडे, तिसरा दरीत. रस्त्याकडेच्या एका पाड्याला वीज आली की सगळं गाव उजळलं असं कागदावर लिहितात. पाचव्या पाड्यातल्या पोराला चिमणीच्या धुरात अभ्यास करताना त्या कागदाचा काही उपयोग नाही.

आणि चिमणीत घालायला तरी काय आहे? घरात गॅस आला की रेशनचं रॉकेल बंद, असा नियम आहे. गॅस स्वयंपाकाला, रॉकेल उजेडाला. एक दिलं म्हणून दुसरं काढून घेतलं, पण गॅसवर दिवा लागत नाही हे कोणी बघितलं नाही. मध्येच कधी सोलरचे दिवे वाटले जातात. फोटो निघतात. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते. बॅटरी कुठे मिळते, कोण बदलून देतो, पैसे किती, हे कोणी सांगून गेलेलं नसतं. मग त्या प्लेटवर मिरच्या वाळतात.

गॅसचं बघा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. आपल्या पुष्कळ बहिणींच्या नावावर शेगडी आणि पहिली टाकी आली. चांगली गोष्ट झाली, आपण तिला विरोध करत नाही. धूर म्हणजे काय ते चुलीपुढे बसणारीला विचारा. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आहे. पण पहिल्या टाकीनंतर काय? दुसरी टाकी भरायला पूर्ण पैसे आधी मोजावे लागतात, सबसिडी मागून खात्यात येते. खातं बघायला बँकेत जायचं, त्याचं भाडं वेगळं. टाकी एजन्सीपासून पाड्यापर्यंत आणायची कशी? घाटापर्यंत जीप, पुढे खांद्यावर. शहरात टाकी दारात येते. आपल्याकडे टाकीची किंमत तीच आणि तिच्यावर जीपचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला तीच आग महाग पडते. म्हणून शेगडी कोपऱ्यात आहे आणि चूल पेटते आहे. यात बाईला अक्कल नाही असं नाही, तिने हिशेब बरोबर केला आहे.

मोळी चोरी नाही

चूल पेटणार आहे तोवर सरपण लागणार आहे. तर सरपणाबद्दल कायदा काय बोलतो ते पाठ करून ठेवा.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ख) मध्ये निस्तार हक्क आहे. कलम ३(१)(ग) मध्ये गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आहे. आणि गौण वनउपज म्हणजे फक्त मोह, टेंभुर्णीची पानं, डिंक, मध नाही. कायद्याच्या व्याख्येत काटक्या-झाडोरा आणि खुंटसुद्धा लिहिलेले आहेत. २०१२ मध्ये नियम सुधारले. आधी फक्त डोक्यावर, सायकलवर, हातगाडीवर न्यायची मुभा होती, आता योग्य त्या वाहनाने नेता येतं, आणि वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या समितीने द्यायचा आहे. म्हणून वाळलेल्या काटक्यांची मोळी आणणारी बाई चोर नाही. तिची कुऱ्हाड हिसकावणं, तिच्याकडून कोंबडी नाहीतर पैसे घेणं, हा गुन्हा आहे.

पण त्याच कायद्याने जंगल राखायचं कामही ग्रामसभेवर दिलं आहे. हिरवं झाड तोडायचा परवाना कोणालाच नाही, आपल्यालाही नाही. इंग्रजांच्या काळापासून कूप पाडून या डोंगराचं सागवान खाली गेलं, ते आपण विसरलो नाही. म्हणून आपल्या जंगलात कुठे वाळलेलं घ्यायचं, कोणता भाग दोन वर्षं बंद ठेवायचा, हे आपणच ठरवायचं. फॉरेस्टवाल्यांनी ठरवायचं नाही.

एसटी येते तिथेच अर्धं तिकीट

रस्त्याची विषमता तर डोळ्याने दिसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना त्याआधीच फुकट झालं होतं. छान झालं. पण अर्धं तिकीट कशाचं? ज्या पाड्याला एसटीच येत नाही, तिथल्या बाईला जीपवाला पूर्ण भाडं मागतो आणि टपावर बसवतो. सवलत एसटीवर आहे, आणि एसटी रस्त्यावर आहे, आणि रस्ता पाड्याच्या अलीकडे संपतो. ज्याच्या दारात रस्ता त्यालाच सवलत.

पावसाळ्यात हे जीवावर येतं. बाळंतीण अडली, साप चावला, की बांबूला चादर बांधून झोळी करायची आणि चार जणांनी घाट चढायचा. नर्मदाकाठच्या भावांना बोटीची वाट बघायची. शहरातल्या माणसाला दवाखान्यात न्यायला डिझेल लागतं. आपल्याकडे माणसाच्या खांद्याचं बळ लागतं. त्या बळाचा हिशेब कोणत्या मीटरवर येत नाही.

दिवाळीनंतर आपली अर्धी माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. एका ट्रकमध्ये माणसं, पोरं, भांडी, कोंबड्या सगळं एकत्र. तो ऊस कारखान्यात जातो, त्याच्या चिपाडावर कारखान्याचे बॉयलर पेटतात, वीजही होते. ऊस तोडणारी बाई मात्र शेताच्या कडेला पालात पाचट पेटवून भाकर भाजते. इथेही तेच आणि तिथेही तेच.

घरातला वाटा

एक गोष्ट कडू लागेल, पण लिहितो. सरकार आणि आपल्यात जशी विषमता आहे, तशी आपल्या घरातही आहे. सरपण आणते कोण? पाणी आणते कोण? धुरात बसते कोण? फटफटी कोणाकडे आहे? गाडीत शंभराचं पेट्रोल टाकायला घरातून पैसे निघतात, गॅसची टाकी भरायची म्हटली की होळीनंतर बघू असं ऐकू येतं. फटफटी नको असं कोणी म्हणत नाही, रात्री-बेरात्री आजारी माणसाला तीच कामाला येते. पण बाजाराला जाताना रिकामी टाकी तिच्यावर बांधून नेता येते की नाही? लाकडाचा भारा बाई डोक्यावर आणते आणि फटफटी अंगणात उभी असते, हे कोणत्या रीतीत बसतं? आपण सरकारकडे वाटा मागतो तेव्हा घरातला वाटाही सरळ पाहिजे.

होळीच्या आठवड्यात काय करायचं

होळीला बाहेर गेलेली सगळी माणसं घरी येतात. भोंगऱ्या बाजार होईल, ढोल वाजतील. त्याच आठवड्यात प्रत्येक पाड्याने एक संध्याकाळ काढायची. कामं चार आहेत.

१. पाड्याची मोजणी. एका कागदावर लिहा: एकूण घरं किती, मीटर किती घरांत, त्यात खरोखर दिवा किती घरांत लागतो, गॅस किती घरांत, मागच्या वर्षात प्रत्येकाने किती टाक्या भरल्या, सरपणाला किती वेळ चालावं लागतं, एसटीचा थांबा किती लांब, मागच्या पावसाळ्यात झोळी किती वेळा उचलली. बारावीपर्यंत शिकलेलं एक तरी पोर आता प्रत्येक गावात आहे. त्याने लिहायचं, सगळ्यांनी सांगायचं. आकडा फुगवायचा नाही, लपवायचा नाही.

२. तारेसाठी आणि रस्त्यासाठी ठराव. जंगलाची जमीन आहे म्हणून खांब टाकता येत नाही, रस्ता करता येत नाही, असं उत्तर मिळतं. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचून दाखवा. त्यात १३ सोयी दिल्या आहेत. विजेच्या तारा, रस्ते, पिण्याचं पाणी, शाळा, दवाखाना, आणि सूर्य-वारा-पाण्यासारखी अपारंपरिक ऊर्जाही. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, अशी अट आहे. ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे किल्ली आपल्या हातात आहे. ठरावावर निम्म्या सभासदांची हजेरी पाहिजे आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत. अंगठे नीट घ्या, तारीख टाका, एक प्रत पाड्यात ठेवा. पाडा लांब असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमाप्रमाणे पाड्याला स्वतःचं गाव म्हणून मागता येतं, तोही ठराव त्याच दिवशी घ्या.

३. सामूहिक दाव्यात सरपण. ज्या गावांनी सामूहिक वनहक्काचा दावा टाकला आहे त्यांनी त्यात सरपण, काटक्या, खुंट हे शब्द लिहिले आहेत का ते बघा. ज्यांनी टाकला नाही त्यांनी आता टाका.

४. छोट्या विजेची जागा शोधा. ज्या नाल्याला दिवाळीनंतरही पाणी राहतं आणि उंचावरून पडतं, तो नाला मोजणीच्या कागदावर लिहा. बिलगावला झालं ते दुसरीकडेही होऊ शकतं. सोलर मिळाला तर एकच अट टाका: गावातल्या दोन मुलांना आणि दोन मुलींना दुरुस्ती शिकवा, बॅटरीचे पैसे कोण देणार ते आधी लिहून द्या. नाहीतर परत मिरच्याच वाळणार.

सगळ्या पाड्यांचे कागद गोळा झाले की आपण ते घेऊन धडगावला तहसीलवर आणि तळोद्याला प्रकल्प कार्यालयावर जाणार. तारीख पुढच्या अंकात येईल. भीक मागायला जाणार नाही. ३३ गावांचं पाणी करून जी वीज झाली तिच्यातला आपला हिस्सा मागायला जाणार.

हा अंक नेहमीप्रमाणे सायक्लोस्टाईलवर, हाताने फिरवून काढला आहे. त्याला वीज लागत नाही, म्हणून तो वेळेवर निघतो. वाचता येतं त्यांनी वाचून दाखवा, पावरीत, भिलीत समजावून सांगा. आणि परत कोणी बोललं की तुमच्या चुलीने जंगल संपलं, तर त्याला बसवा, पाणी द्या, आणि हा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवा.

जल, जंगल, जमीन आमची! उजेडही आमचा!

आदिवासी एकता जिंदाबाद!